थायरॉइड, शुगर आणि रिपोर्टमधला आकडा

(गणेशोत्सवानिमित्त तुकईथड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

मंडळाने मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या आरोग्य खात्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करतो. लोकांचे रक्त घ्यायचे, तपासायचे आणि निघालेला आकडा कागदावर लिहून द्यायचा, हे माझे काम. त्यामुळे कोणते औषध किती घ्या, हे मी सांगणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. पण रिपोर्टमधला आकडा कसा तयार होतो, तो केव्हा खरा सांगतो आणि केव्हा फसवतो, हे मात्र मी तुम्हाला सांगू शकतो.

आजचा विषय आहे अंतःस्रावी ग्रंथींचे नेहमी आढळणारे आजार. नाव अवघड वाटले तरी आजार ओळखीचे आहेत: थायरॉइड, शुगर, आणि गोळ्यांमुळे अंगावर आलेली सूज. अंतःस्रावी ग्रंथी म्हणजे ज्या आपला रस नळीतून कुठे न सोडता सरळ रक्तात सोडतात. त्या रसाला आपण संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतो. त्याचे प्रमाण अगदी सूक्ष्म असते, पण वजन, झोप, मासिक पाळी, हृदयाचे ठोके, रक्तातली साखर, मन प्रसन्न राहणे, सगळे त्यावर चालते. म्हणून यातला बिघाड एका जागी दुखत नाही, सगळीकडे थोडा थोडा जाणवतो. आणि म्हणूनच माणूस म्हणतो, "वय झाले", "काम जास्त होते", "नजर लागली". वर्ष-दोन वर्षे अशीच निघून जातात.

थायरॉइड: मुकादम आणि मजूर

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. तिच्यावर हुकूम चालतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा. केळीच्या बागेत मुकादम आणि मजूर असतात ना, तसेच समजा. मजूर सुस्त झाला की मुकादम जोराने ओरडतो. मजूर जरुरीपेक्षा जास्त धावू लागला की मुकादम गप्प बसतो. पियुषिकेच्या या ओरडण्याला टीएसएच म्हणतात. म्हणून थायरॉइड मंद झाली की टीएसएच वाढतो आणि थायरॉइड जास्त काम करू लागली की टीएसएच कमी होतो. अनेक जण मला विचारतात, "भाऊ, टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढले ना?" नाही. बहुतेक वेळा उलटे असते.

टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा असे मानतात. प्रत्येक प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर तिची मर्यादा छापलेली असते, तीच पाहावी. थायरॉइड मंद झाली की थकवा येतो, थंडी जास्त वाजते, अंग जड होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, बद्धकोष्ठता होते, आवाज घोगरा होतो, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, विसर पडतो. थायरॉइड जोरात चालू लागली की वजन उतरते, हात थरथरतात, छातीत धडधडते, घाम येतो, चिडचिड होते, काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ भारतीय शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये मंद थायरॉइड आढळली. तो अभ्यास मोठ्या शहरांचा होता, पण आजार किती सर्वसाधारण आहे हे त्यातून कळते.

आता आकडा कुठे फसतो ते ऐका. टीएसएच थोडा वाढलेला, म्हणजे ४ आणि १० च्या मधे असेल आणि टी-४ ठीक असेल, तर प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असे नाही. मोठ्या आजारातून उठल्यावर काही दिवस टीएसएच वर-खाली होतो. म्हणून डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. "पुन्हा पैसे घालवायला लावतात" असे समजू नका. एका आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू करण्यापेक्षा दुसरी तपासणी स्वस्त पडते. दुसरी गोष्ट, केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या. बायोटिनमुळे काही मशीनवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी त्या बंद ठेवायच्या आणि घेत असाल तर रक्त देताना सांगायचे.

मंद थायरॉइडवर लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात. हे बाहेरचे काही औषध नाही. आपली ग्रंथी जे बनवते, तेच बाहेरून दिले जाते. ती सकाळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास चहा, दूध, नाश्ता काही नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवायची, नाहीतर गोळी पोटातच अडकते, रक्तात पुरेशी जात नाही. मग टीएसएच वाढलेला दिसतो, डोस वाढवला जातो, आणि दोष असतो तो फक्त सकाळच्या चहाचा! डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायची. दर पंधरा दिवसांनी तपासून उपयोग नाही, कारण तेवढ्यात आकडा स्थिर होत नाही.

आणि सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट: टीएसएच नॉर्मल आला की गोळी बंद. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे. छत्री उघडल्यामुळे अंग कोरडे राहिले, म्हणून पावसात छत्री मिटायची का? हे औषध रक्तातून हळूहळू कमी होते, म्हणून गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच वाटत नाही. त्या दिवसांतच माणसाची खात्री पटते की आपण बरे झालो. दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा सुस्त होतो आणि तेव्हा गोळी सोडल्याचे आठवतही नाही.

सुनांना, लेकींना विशेष सांगतो. थायरॉइडची गोळी चालू असताना दिवस राहिले, तर गोळी "बाळाला गरम पडेल" म्हणून बंद करू नका. उलट गरोदरपणात बहुतेक स्त्रियांना डोस वाढवावा लागतो. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते. पाळी चुकल्याचे कळताच डॉक्टरांकडे जा.

थायरॉइड जोरात चालत असेल तर अनेकदा कार्बिमाझोल नावाची गोळी देतात. ती घेणाऱ्याला ताप आला आणि घसा खूप दुखू लागला, तर साधी सर्दी समजून घरी थांबू नका. क्वचित ही गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी करते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून पेशी मोजून घ्यायच्या.

मिठाची गोष्ट

गळ्याला सूज म्हणजे गलगंड. जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी गळ्यावर मोठी गाठ घेऊन फिरणारी माणसे जास्त दिसत. पावसाच्या पाण्याने धुपलेल्या डोंगराळ मातीत आयोडीन कमी राहते, आणि आयोडीनशिवाय थायरॉइडला संप्रेरक बनवता येत नाही. मुकादम ओरडत राहतो आणि ग्रंथी वाढत जाते.

यावरचा उपाय आपल्याच देशात पक्का सिद्ध झाला. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनचे मीठ आणि एका भागात साधे मीठ दिले. काही वर्षांत आयोडीनचे मीठ खाणाऱ्या भागांतील मुलांमध्ये गलगंडाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. साध्या मिठाच्या भागात ते होते तसेच राहिले. या कामाच्या अहवालावर देव, करमरकर अशी आपली मराठी आडनावेही आहेत. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच कामाच्या बळावर.

घरात पोहोचणाऱ्या मिठात निदान १५ पीपीएम आयोडीन असावे लागते. म्हणजे दहा ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम, जी प्रौढ माणसाची रोजची गरज आहे. गरोदर स्त्रीला याहून जास्त, सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागते. याचा अर्थ मीठ जास्त खा असा नाही, मीठ कमीच बरे. पण जे खाल ते आयोडीनचे असू द्या. आता शहरातून एक नवी रीत गावात आली आहे. शेंदेलोण चांगले म्हणून रोजच्या भाजीत तेच घालायचे. उपासाला एक दिवस घातले तर हरकत नाही, पण वर्षभर तेच खाल्ले तर आयोडीन मिळायचे कसे? साध्या खड्याच्या मिठाचेही तेच. मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा, चुलीजवळ उघडे ठेवू नका. आशाताईंकडे तपासणीचे किट असेल तर मिठावर दोन थेंब टाकून पाहा. निळे-जांभळे झाले तर आयोडीन आहे.

मात्र एक सांगतो. आयोडीनचे मीठ खाणाऱ्यालाही थायरॉइडचा त्रास होऊ शकतो. आज प्रौढांमध्ये दिसणारी मंद थायरॉइड बरीचशी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटल्यामुळे होते. १९१२ मध्ये जपानच्या हाशिमोतो यांनी तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. आणि गळ्यावरची प्रत्येक गाठ आयोडीनच्या कमतरतेची नसते. गाठ कडक असेल, वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळायला त्रास होत असेल, तर सोनोग्राफी आणि डॉक्टर, लगेच.

शुगर: बारीक माणसालाही

आता शुगर, म्हणजे मधुमेह. आपल्याकडे समज असा की जाड, खाऊन-पिऊन सुखी माणसाला शुगर होते. शेतात राबणाऱ्या बारीक माणसाला कशी होणार? याचे उत्तर पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा १९९३ पासून अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या लहानशा बाळात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त निघाली. दिसायला बारीक, आतून चरबी. २००४ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका. शिवणकामाची टेप घ्या आणि पोट मोजा. पुरुषाचे ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचे ८० च्या वर गेले, की तपासणी करायची. घरात आई-वडिलांना शुगर असेल, गरोदरपणात शुगर वाढली असेल किंवा वय ३० च्या पुढे असेल, तरीही तपासणी करायची.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठा म्हणजे अजून मागे फिरता येते.

निदानाचे आकडे लक्षात ठेवा. निदान आठ तास उपाशी राहून घेतलेली शुगर १२६ किंवा त्याहून जास्त. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त. एचबीए-वन-सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ६.५ किंवा जास्त. खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे अशी लक्षणे असतील आणि कधीही घेतलेली शुगर २०० च्या वर असेल तरीही मधुमेह. पण लक्षणे काहीच नसतील, तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

आता माझ्या टेबलावरच्या गोष्टी सांगतो. काढलेले रक्त तसेच ठेवले तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात आणि नमुना लवकर प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. कोणी साध्या नळीत रक्त घेऊन तीन-चार तास बसने दुसऱ्या गावी नेले, तर शुगर खरीपेक्षा कमी दिसणार, आणि आजार असूनही माणूस खुशीत घरी जाणार. रक्त कुठे तपासले जाणार, किती वेळात, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

घरच्या ग्लुकोमीटरचेही तसेच. आपला केळीचा मुलूख. केळे सोलले, तेच बोट टोचले, तर बोटावरची साखर मशीन मोजते आणि आकडा घाबरवून टाकतो. आधी हात साबणाने धुवा, नीट कोरडे करा, मग टोचा. पट्ट्यांची मुदत पाहा आणि डबी उघडी ठेवू नका.

यापुढची गोष्ट आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची. एचबीए-वन-सी ही तपासणी लाल रक्तपेशींवर चिकटलेली साखर मोजते. चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशोब मिळतो. पण आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकल सेल आढळतो. सिकल सेलच्या आजारात पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. तिच्यावर साखर चिकटायला वेळच मिळत नाही. मग शुगर वाढलेली असूनही एचबीए-वन-सी चांगला दिसतो. ज्यांच्यात फक्त वाहकपणा आहे, आजार नाही, त्यांच्यातही काही पद्धतींनी हा आकडा चुकतो. उलट, लोह कमी असलेल्या रक्तक्षयात हा आकडा खरीपेक्षा जास्त दिसू शकतो, आणि आपल्या कितीतरी बहिणींना रक्त कमी आहे. म्हणून ज्याला सिकल सेल आहे, रक्तक्षय आहे किंवा नुकतेच रक्त चढवले आहे, त्याने तसे सांगायचे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगरच पाहायची. सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातून, शहडोलहून सुरू झाले. त्यात मिळालेले कार्ड घरात पेटीत ठेवू नका, शुगर तपासायला जाताना सोबत आणा. हे कार्ड लपवण्याची गोष्ट नाही. त्यामुळे तुमचा रिपोर्ट बरोबर वाचला जातो.

उपास, प्रसाद आणि इन्सुलिन

गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी हरतालिका असते. आपल्या भगिनी निर्जळी उपास करतात. श्रद्धेचा मी आदर करतो. पण शुगरच्या काही गोळ्या, जसे ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन, या जेवले नाही तरी साखर उतरवतात. सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर काही खाल्ले नाही, तर शुगर ७० च्या खाली जाते. घाम सुटतो, हात कापतात, भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बरळू लागतो. लोकांना वाटते अंगात आले! अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. उपास करायचाच असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा, ते डोस बदलून देतात. न विचारता गोळी गाळणे आणि न खाता गोळी घेणे, दोन्ही धोक्याचे. आणि आजारपणामुळे उपास झेपणार नसेल, तर घरच्या मोठ्यांनीच सुनेला सांगावे, "बाई, तू फळ खाऊन घे, देव रागवत नाही." मोठ्यांनी म्हटल्याशिवाय ती खाणार नाही, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

प्रसादाचे विचाराल, तर मोदक एक घ्या आणि त्या जेवणात भाकरी किंवा भात तेवढा कमी करा. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी आणि दराबा ही आपली शान, पण शुगरवाल्याने ती लांबून पाहिलेली बरी. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके असतात. शुगर आटोक्यात असेल तर अर्धे केळे चालते, जेवणावर पूर्ण केळे आणि शिकरण चालत नाही. शेतात राबतो म्हणून काहीही चालते, असे नाही.

इन्सुलिनची भीती खूप आहे. "सुई लागली म्हणजे शेवट आला." खरे काय ते ऐका. १९२१ मध्ये कॅनडात टोरँटोला बॅंटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला दिले. तोपर्यंत या प्रकारच्या मधुमेहात मूल महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत दगावत असे. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला. म्हणजे इन्सुलिन हे शेवटचे औषध नाही, ते जगवणारे औषध आहे. ज्याचे स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही, त्याने ते एक दिवसही सोडायचे नाही, मग कोणी कितीही जडीबुटी सांगो. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशात ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे थंड जागी चालते. फ्रिज नसेल आणि वैशाखाचे ऊन असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाणी पाझरणाऱ्या माठाच्या गारव्यात ठेवता येते.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने, रक्तातले क्रिएटिनिन आणि पायांची संवेदना तपासून घ्या. शुगर दुखत नाही, म्हणून ती आत काय करते ते तपासल्याशिवाय कळत नाही. अनवाणी शेतात जाऊ नका. पायाला भेग पडलेली कळत नाही, तेव्हा रोज रात्री पाय पाहायचे.

पुडीतल्या गोळ्या

आता थोडे कडू बोलतो. गुडघे दुखतात, दमा आहे, अंग दुखते, म्हणून काही ठिकाणी कागदाच्या पुडीत तीन-चार रंगांच्या गोळ्या मिळतात. नाव नाही, चिठ्ठी नाही. दोन दिवसांत जादू होते, भूक लागते, दुखणे जाते. त्यातली एखादी गोळी अनेकदा स्टेरॉइडची असते, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड वाईट औषध नाही. दम्याच्या मोठ्या झटक्यात ते जीव वाचवते. पण ते डॉक्टरांच्या हिशोबाने, ठरलेल्या दिवसांसाठी.

महिनोन्‌महिने घेतले तर चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट वाढते आणि हातपाय बारीक होतात, कातडी पातळ होते, पोटावर जांभळे पट्टे येतात, बीपी आणि शुगर वाढते, हाडे ठिसूळ होतात. लोक म्हणतात, "तब्येत सुधारली." ती सुधारणा नसते, सूज असते. गोरे होण्याच्या काही क्रीममध्येही स्टेरॉइड असते.

आणि खरा धोका पुढे आहे. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक स्वतः बनवतात. बाहेरून तीन आठवड्यांहून जास्त मिळत राहिले, की त्या काम सोडू लागतात. मग एके दिवशी कोणीतरी सांगते, "अरे, ही स्टेरॉइडची गोळी आहे, फेकून दे," आणि माणूस एकदम बंद करतो. अंगात ना बाहेरचे, ना आतले. उलट्या, अशक्तपणा, बीपी एकदम खाली, बेशुद्धी. यात जीव जाऊ शकतो. म्हणून माझे हात जोडून सांगणे आहे: पुडी घेत असाल तर घाबरून एकदम सोडू नका. ती पुडी तशीच घेऊन सरकारी दवाखान्यात जा, लाजू नका. डॉक्टर ती हळूहळू कमी करून बंद करतील. आणि ऑपरेशन किंवा मोठा ताप असेल तेव्हा "मी अशी गोळी घेत होतो" हे आवर्जून सांगा.

तरुण मुलींविषयी एक शब्द. पाळी दोन-तीन महिने येत नाही, चेहऱ्यावर जाड केस येतात, वजन वाढते, हे पीसीओएसचे लक्षण असू शकते. निदान फक्त सोनोग्राफीवर होत नाही. लक्षणे आणि रक्ततपासणी मिळून होते. थायरॉइड तर नाही ना, हेही पाहावे लागते. यात मुलीचा काही दोष नाही. "लग्नानंतर होईल ठीक" म्हणून टाळू नका. पुढे याच मुलींना शुगरचा धोका जास्त असतो.

मित्रहो, शेवटी थोडक्यात. दवाखान्यात जाताना जुने सगळे रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून न्या; एका आकड्यापेक्षा आकडा कुठून कुठे चालला आहे हे डॉक्टरांना जास्त सांगून जाते. चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे आणि चूर्ण दाखवा. उपाशी आहात की जेवून आलात, हे रक्त देताना खरे सांगा. चहा घेतला असेल तर तो लपवू नका, आम्ही रागावत नाही, दुसऱ्या दिवशी बोलावतो. ३० वर्षांपुढील प्रत्येकाची शुगर आणि बीपी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते, त्याचा लाभ घ्या. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

विघ्नहर्ता आपल्या सर्वांचे रक्षण करोच. पण विघ्न वेळेवर ओळखणे आपल्या हातात आहे.  आरतीनंतर कोणाला रिपोर्ट दाखवायचा असेल तर मी इथेच मंडपात आहे.

गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया!